हिमालय, व्हाया तिसगाव

कल्याण-निर्मल महामार्गावर करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीकडं निघालं की तिसगाव लागतं. मे महिन्यात इथं एसटीतून उतरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी दिसतो तो हिमालय. टपरीच्या फ्रीजमध्ये एकावर एक रचून ठेवलेला. बर्फाची शिखरं, निळं आभाळ, मधून कोसळणारा धबधबा आणि खाली किंमत वीस रुपये. काचेच्या पलीकडं हिमालय आणि अलीकडं पाथर्डी तालुका, म्हणजे जिथं उन्हाळ्यात पाहुण्यांपेक्षा टँकरची वाट जास्त आतुरतेनं बघतात तो.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. लग्नपत्रिका ते प्रेसच्या फोन नंबरापर्यंत वाचतात. भेळ संपली की कागद वाचतात. औषधाच्या खोक्यातली घडी उलगडून वाचल्यामुळं कित्येक गोळ्या त्यांनी घेतलेल्याच नाहीत. अशा माणसानं एका दुपारी तहान लागली म्हणून बाटली विकत घेतली आणि पिण्याआधी वाचायला काढली. तिथून सगळं बिनसलं.

"हा डोंगर कुठला रे?"

"गुरुजी, पाणी प्यायचंय का डोंगर चढायचाय?" टपरीवाला म्हणाला.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सारला आणि बाटली डोळ्यांपाशी नेली. पुढच्या बाजूला डोंगर चांगला वीतभर होता. मागच्या बाजूला पत्ता मुंगीएवढ्या अक्षरात होता. त्यात एक गट नंबर होता आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव.

"अरे, या गावात नोकरी केलीय मी. तिथं टेकाडसुद्धा नाही! पोरांना डोंगर शिकवायचा तर फळ्यावर काढून दाखवावा लागायचा."

"मग झालं की. त्यांनी पण काढूनच दाखवलाय."

सरकारी मानकांत बाटलीतल्या पाण्याचे दोन प्रकार आहेत. एक नैसर्गिक मिनरल वॉटर. ते झऱ्यातून किंवा तशाच नैसर्गिक स्रोतातून यायचं आणि स्रोतापाशीच बाटलीत भरायचं. दुसरं नुसतं 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर'. ते विहिरीचं असो, बोअरचं असो, गाळून, आरओतून काढून, ओझोन वगैरे सोडून झाकण लावलं की झालं. टपरीवर मागताना लोक पहिल्याचं नाव घेतात आणि हातात बहुतेक वेळा दुसरं पडतं. त्यात गैर काही नाही. बोअरचं पाणी नीट शुद्ध केलं तर ते चांगलंच. गुरुजींचा प्रश्न एवढाच, की मग लेबलावर बोअरचं चित्र का नसतं? काळा पाइप, मोटारीची खोली, शेजारी बांधलेली म्हैस.

"म्हशीचं चित्र बघून पाणी कोण घेईल, गुरुजी?"

"दूध घेता की!"

नातीच्या मोबाइलवर शोधल्यावर गुरुजींना कळलं की लेबलांची ही खोड जगभरची आहे. अमेरिकेत पेप्सीच्या 'अ‍ॅक्वाफिना'च्या लेबलावर डोंगर होते आणि आत शहराच्या नळाचंच शुद्ध केलेलं पाणी होतं. लोकांनी फारच टोकल्यावर २००७ साली कंपनीनं लेबलावर तसं लिहायचं कबूल केलं. २००४ साली इंग्लंडमध्ये कोका-कोलानं 'डासानी' आणलं. तेही लंडनच्या सिडकप भागातल्या नळाचं निघालं. वर शुद्ध करताना त्यात ब्रोमेट नावाचा पदार्थ मर्यादेपेक्षा जास्त तयार झाला, म्हणजे नळात नव्हती ती घाण शुद्धीकरणानं घातली. पाच लाखांच्या आसपास बाटल्या मागं घ्याव्या लागल्या. २००६ साली फिजी बेटावरचं पाणी विकणाऱ्या कंपनीनं जाहिरात केली, की आमच्या लेबलावर फिजी लिहिलंय, कारण हे पाणी क्लीव्हलँडमध्ये भरलेलं नाही. क्लीव्हलँडच्या पाणीखात्याला हे झोंबलं. त्यांनी फिजीची बाटली आणून आपल्या नळाच्या पाण्याशेजारी तपासली, तर बाटलीत थोडं आर्सेनिक निघालं. मर्यादेच्या आतलं, पण निघालं. तिसगावच्या कट्ट्यावर ही गोष्ट सगळ्यांना फार आवडली. क्लीव्हलँड कुठंय हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या गावानं आपल्या गावाला नाव ठेवलं की काय वाटतं, ते कळायला नकाशा लागत नाही.

चित्राचा निकाल लागायच्या आत गुरुजी नावाकडं वळले. बिस्लेरी मूळची इटलीची. १९६५ साली ती मुंबईत आली आणि १९६९ साली पार्लेच्या चौहानांनी ती चार लाख रुपयांना घेतली. पाणी विकायचंय म्हटल्यावर चौहानांच्या नातेवाइकांत काय कुजबुज झाली असेल, याची कल्पना कुणीही करावी. आज त्या नावाच्या इतक्या आते-मावस बहिणी बाजारात आहेत की वंशावळ काढावी लागेल. लेबलाचा रंग तोच, अक्षरांचं वळण तेच, फक्त एखादं अक्षर जागा सोडून बसलेलं. २०२५ साली उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात खुद्द जिल्हाधिकारी पाहणीला गेल्या असताना त्यांच्यापुढं 'बिलसेरी' आली आणि मग चौकशीची चक्रं फिरली. गुरुजींचं म्हणणं, त्या बाईंच्या ध्यानात आलं कारण त्या वाचतात. बाकीचा देश रंग बघून पितो.

रंगानंतर भरवसा झाकणाचा. झाकण पिळताना 'कट्' असा आवाज आला की पाणी शुद्ध. ही चाचणी कुठल्याही प्रयोगशाळेत होत नाही, पण तिचा निकाल सर्वांना मान्य आहे.

बंद पाण्यावरची ही श्रद्धा काही आजची नाही म्हणा. काशीहून आणलेला गंगेचा गडू घरोघरी देव्हाऱ्यात असायचाच. तांब्याचा, तोंडाला डाग देऊन बंद केलेला. पणजोबांनी आणलेला गडू नातवाच्या काळात फुटायचा, तोही शेवटच्या घोटासाठी. त्यावर एक्स्पायरी डेट नसायची. ती पाण्याची नव्हे, पिणाऱ्याची असायची. २०१६ पासून टपाल खातंही गंगाजलाच्या बाटल्या विकतं. काशीची पायपीट वाचली, आता पोस्टात रांग लावायची.

या भागात पाण्याची खरी गोष्ट मात्र एकनाथांची. पैठण इथून काही फार लांब नाही. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. एसटीनं आपल्या बाटलीबंद पाण्याला 'नाथजल' नाव दिलं ते याच नाथांच्या आठवणीनं. त्या गाढवानं सील तपासल्याची नोंद कुठल्याही चरित्रात नाही. तिसगावच्या शेजारीच मढी आहे, कानिफनाथांचं ठाणं. तिथल्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमाराला गाढवांचा बाजार भरतो. गाढव विकत घेताना माणूस त्याचा जबडा उघडून दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो, मग तासभर घासाघीस करतो. तोच माणूस व्यवहार आटोपला की टपरीवर येतो आणि डोंगर बघून पाणी घेतो.

हे सगळं कट्ट्यावर बोलून झालं आणि त्याच आठवड्यात गुरुजींच्या दारात आरओ विकणारा तरुण उभा राहिला. गळ्यात टाय, पाठीवर सॅक. सॅकमधून त्यानं एक डबी काढली. डबीला खाली चार सळया आणि वर वायर. मग दोन ग्लास मागितले. एकात घरातलं नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं आरओचं. दोन-दोन सळया एकेका ग्लासात बुडवल्या आणि पिन बोर्डात घातली.

नळाचं पाणी आधी पिवळसर झालं. मग हिरवट. मग तपकिरी गाळ वर येऊन फेसाळायला लागला. अर्ध्या मिनिटात ग्लासात पोळ्याच्या दिवशीचा ओढा आला. आरओचा ग्लास शेजारी ढिम्म, नितळ.

"काकू, हे पाणी पिता तुम्ही. रोज." तरुणानं आवाज खाली आणला.

काकूंनी तोंडाला पदर लावला. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या हेच पाणी पीत होत्या. पोट दुखल्याचे सगळे प्रसंग त्यांना एकदम आठवले. गुरुजी ग्लासावर काही छापलंय का ते बघत होते.

दहावीतली नात शेजारी उभी होती. ती आत गेली, चिमूटभर मीठ घेऊन आली आणि आरओच्या ग्लासात टाकून म्हणाली, "दादा, आता परत लावा."

"मीठ कशाला, ताई?"

"लावा तर."

लावलं. आरओच्या ग्लासातही ओढा आला, पहिल्यापेक्षा दांडगा. नातीनं सांगितलं, की पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते, आणि हा जो गाळ दिसतोय तो सळईचा गंज आहे, पाण्यातली घाण नाही. दुसऱ्या ग्लासात क्षारच नव्हते, म्हणून काही झालं नाही. याला म्हणतात विद्युत अपघटन, परीक्षेला हमखास येतं.

तरुण क्षणभर गप्प बसला. मग शांतपणे म्हणाला, "म्हणजे मीठसुद्धा किती अशुद्ध येतं बघा."

आरओ बसला. काकूंनी डोळ्यांनी गाळ पाहिला होता, आणि पाहिलेल्या गाळापुढं दहावीचं विज्ञान टिकत नाही. बसल्यावर कळलं, की त्याला एक काळी नळी असते आणि ती सिंकमध्ये सोडायची असते. एक लिटर शुद्ध पाण्यामागं तीनेक लिटर पाणी त्या नळीतून बाहेर जातं. आठवड्याचं पाणी पिंपात साठवून ठेवायचं आणि त्यातले तीन हिस्से मोरीत सोडून एक हिस्सा प्यायचा. काकूंनी नळीखाली बादली लावली. त्या पाण्यानं भांडी, लादी, तुळस, शेवटी शेजारची म्हैस. "आपण एकटेच शुद्ध पितो, बाकी सगळा खटला अशुद्धावर चाललाय," असं गुरुजी म्हणाले तेव्हा काकूंनी बादली त्यांच्या हातात दिली.

देशाच्या मानकानुसार पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत असले तर उत्तम, आणि दुसरी सोयच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालतात. पाचशेच्या आतल्या पाण्याला आरओ लावूच नका, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली बजावलं होतं. बोअरचं पाणी जड असेल तिथं आरओला अर्थ आहे. पण तरुणाच्या खिशातल्या पेनासारख्या मीटरवर आकडा आला की तो फक्त "बापरे" एवढंच म्हणायचा, आणि कितीला बापरे म्हणायचं ते कुठंच छापलेलं नव्हतं.

गावातल्या समारंभांतली तऱ्हा आणखी पुढची आहे. पूर्वी लग्नात वाढपी जग घेऊन पंगतीतून फिरायचा आणि "पाणी, पाणी" ओरडायचा. आता ताटाशेजारी दोनशे मिलीची बाटली, तिच्यावर नवरा-नवरीचा फोटो. दोन घोट घ्यायचे, बाटली खाली ठेवायची, आइस्क्रीमकडं जायचं, परत येऊन दुसरी उघडायची, कारण पहिली आपली कुठली ते कळत नाही. सगळ्यांवर तीच नवरी. संध्याकाळी मंगल कार्यालयामागच्या गटारीत शे-दीडशे नवरदेव उताणे तरंगत असतात.

दहाव्याच्या विधीला तर बाटलीवर एका बाजूला दिवंगताचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्याचा. पुढाऱ्याचा अर्थातच मोठा. आणि फोटोच्या बरोबर खाली इंग्रजीत बारीक अक्षरात सूचना, की वापर झाल्यावर चुरगळून टाका. गुरुजींनी ती मोठ्यानं वाचली. पुढारी समोरच्याच खुर्चीत बसलेले होते. कुणी बाटली चुरगळेना. सगळ्यांनी ती जपून घरी नेली.

घरी गेलेल्या बाटलीला मरण नसतं. ती फ्रीजच्या दारात राहते, शेतात जाते, शाळेच्या दप्तरात जाते, तिच्यात तेल भरतात, फिनेल भरतात, चिठ्ठी न लावता भरतात. बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पण एक नंबरची बाटली म्हणजे एक नंबर माल, असा त्याचा अर्थ घरोघरी लागलेला आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा रिकामी बाटली परत घेऊन तिचा रुपया-दोन रुपये द्यायचे, असंही ठरलं होतं. गुरुजींनी त्या वर्षी पोतंभर बाटल्या साठवल्या. "हे कुणाकडं द्यायचं?" असं ते विचारत फिरले. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "राहू द्या, गुरुजी, उपयोगी पडतील."

आता ज्या पाण्यावर डोंगरही नाही आणि नवरदेवही नाही, त्याची कथा. मिरी-तिसगाव प्रादेशिक योजनेचं पाणी येतं मुळा धरणातून. हे धरण राहुरी तालुक्यात, साठा सव्वीस टीएमसी. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी पाण्यात टीसीएल पावडर टाकायची, जलसुरक्षकानं नळाच्या पाण्याची 'ओटी' करायची, असा राज्याचा शिरस्ता आहे. ओटी म्हणजे परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, पाणी प्यायला हरकत नाही. वर्षातून दोनदा पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. एवढी परीक्षा गावात दुसऱ्या कशाचीच होत नाही. पण तिचा निकाल फायलीत राहतो, फ्रीजच्या काचेमागं नाही. शिवाय गोंधळ असा, की टायवाल्याच्या ग्लासात रंग आला म्हणजे पाणी वाईट, आणि जलसुरक्षकाच्या नळीत रंग आला म्हणजे चांगलं. लोकांनी सोयीचा मार्ग काढला. रंगाची भानगडच नको, बाटली आणा.

बाटली नसेल तर जार. जार निळा असतो, थंड असतो आणि टेम्पोतून येतो, यापलीकडं त्याची कुणी चौकशी करत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडीच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याकडं बोट गेलं आणि तपासणीत त्या भागातले खासगी आरओ प्रकल्पही सापडले. त्यातले कित्येक महापालिकेनं बंद केले. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बाटलीबंद पाण्यावरची आयएसआय शिक्क्याची सक्ती काढली होती, आणि नोव्हेंबर संपता संपता तेच पाणी अतिजोखमीच्या अन्नपदार्थांच्या यादीत घातलं होतं. शिक्का नको, पण धोका जास्त. गुरुजींनी दोन्ही कात्रणं वहीत शेजारी-शेजारी चिकटवली आणि त्या दिवशी माठातलं पाणी प्यायले.

मग त्यांच्या डोक्यात कल्पना आली. नळाच्या पाण्याला लेबल करायचं. आपल्या खर्चानं. घरोघरी माठावर, पिंपावर चिकटवायचं. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला: 'स्रोत: मुळा धरण. शुद्धीकरण: टीसीएल पावडर. पुढचं पाणी: वीज असल्यास.' कट्ट्यावर तो वाचून दाखवला.

"डोंगर कुठंय?" पहिलाच प्रश्न आला.

"खोटा डोंगर टाकायचा नाही."

"मग खरा टाका. गर्भगिरी आहे की आपला. वृद्धेश्वर आहे, मढी आहे."

गुरुजी हरखले. फोटो काढायला पोरगा पाठवला. तो भर मे महिन्यात गेला आणि जे दिसलं ते घेऊन आला: करपलेलं गवत, उघडे खडक, एक बाभूळ. प्रेसवाल्यानं तो स्क्रीनवर मोठा करून बघितला आणि म्हणाला, "गुरुजी, हे बघून तहान वाढायची हो. पावसाळ्यापर्यंत थांबता का?"

गुरुजी थांबायला तयार नव्हते. चार दिवसांनी नमुना आला. मजकूर शब्दशः बरोबर होता. पत्त्यात जिल्ह्याचं नावही नवं, अहिल्यानगर, होतं. पण वर, सवयीनं, बर्फाची शिखरं होती, आणि खाली कोपऱ्यात किंमत वीस रुपये.

"ही किंमत कशाची?" गुरुजी कडाडले. "नळाचं पाणी आहे हे!"

"तो साचाच तसा आहे, गुरुजी. सगळ्यांचा त्यातच काढतो. शिखरं खोडायची तर वेगळे पैसे पडतील."

कट्ट्यावर नमुना हातोहात फिरला. सगळ्यांना पसंत पडला. एक माजी सदस्य लेबल उन्हात धरून बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "गुरुजी, वीस राहू द्या. वीस बघून लोक नळ तरी बंद करतील."

"आणि हिमालय?"

"त्याच्या शेजारी माझा फोटो बसतोय का बघा. लहानच टाका. येत्या निवडणुकीला उभा आहे."